दोन लॅब, दोन रिपोर्ट आणि आमचे अण्णा: डेंग्यूचा कुठला कागद खरा मानायचा?

रंकाळ्याचा_बगळा | गुरुवार, संध्याकाळी ७:४०

मंडळी, डोकं फिरायची वेळ आली आहे. अण्णांना (वय ६८, मुक्काम शिवाजी पेठ, डॉक्टरचं तोंड बघायचं नाही हा बाणा) रविवारी रात्रीपासून ताप. १०२, अंग मोडून आलेलं, डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणतात. सोमवार-मंगळवार पॅरासिटामॉलवर काढले. बुधवारी सकाळी गल्लीजवळच्या लॅबमध्ये रक्त दिलं, कार्डावरची टेस्ट, अर्ध्या तासात कागद हातात. डेंग्यूसाठी तीन गोष्टी बघतात म्हणे: एनएस-१ निगेटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. पेशी (प्लेटलेट) १ लाख १० हजार. आमचे डॉक्टर म्हणाले, "डेंग्यू धरूनच चालू." मेव्हणा म्हणाला, "रिपोर्टात नाही तर धरायचा कशाला?"

आज सकाळी त्याच मेव्हण्यानं हट्टानं दुसऱ्या मोठ्या लॅबमध्ये नेलं. तिथं एलायझा केली. आत्ता रिपोर्ट आला: एनएस-१ पॉझिटिव्ह. पेशी ८२ हजार.

एकाच माणसाचं रक्त, चोवीस तासांचं अंतर. यातला खोटा कोण? आणि शेजारच्या काकू पपईच्या पानांचा रस घेऊन दारात उभ्या आहेत, त्यांचं काय करू?

कडक_चहा | ७:४६

काकूंना आत घ्या, रस बाहेर ठेवा.

हातकणंगलेकर | ७:५२

आमच्याकडं गेल्या साली हेच झालं. पोराचं कार्ड निगेटिव्ह. दुसऱ्या दिवशी तोच लॅबवाला म्हणतोय, "पॉझिटिव्ह हाय, काल रेघ पुसट होती." पुसट म्हणजे? तर ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं की दिसत होती म्हणे. आता रेघ हाय का न्हाई बघाय दिव्य दृष्टी लागत असंल तर पैसं कशाचं घेतासा वं?

उगाच_खरं_बोलतो | ७:५८

सगळी साखळी आहे. पॉझिटिव्ह दिलं की गिऱ्हाईक रोज पेशी मोजायला येतं, साधा हिशोब. आमच्या वेळी ताप यायचा, काढा प्यायचा, जायचा.

कडक_चहा | ७:५९

ताप जायचा का माणूस?

प्लेट_धुणारी | ८:२०

उगाच, या धंद्यात कमिशन चालतं हे मी नाकारणार नाही, अठरा वर्षं लॅबमध्ये काढली आहेत. पण बगळ्याच्या दोन कागदांचा उलगडा त्याशिवायही होतो.

कार्ड म्हणजे कागदाची पट्टी. तिच्यातून रक्त सरकत जातं, वाटेत सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटवलेल्या अँटीबॉडी (ठरावीक गोष्ट ओळखून धरून ठेवणारी प्रथिनं) भेटतात, आणि विषाणूचं प्रथिन असेल तर ठरलेल्या जागी ते सगळं अडकून जांभळट रेघ उमटते. वीस मिनिटांत काम होतं, फ्रिज नको, मशीन नको. पण शेवटी बघणारा माणसाचा डोळा. वर वेळ उलटून गेल्यावर बघितलं तर नसलेली रेघसुद्धा उगवते.

एलायझाची प्लेट म्हणजे अप्पेपात्र समजा, फक्त खळगे ९६. आठ ओळी, बारा रांगा, आणि एका खळग्यात जेमतेम हरभऱ्याएवढा द्राव. तळाला एनएस-१ धरणाऱ्या अँटीबॉडी आधीच चिकटवलेल्या असतात. त्यात पेशंटचं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहतं ते पाणी, घालायचं. ते प्रथिन असेल तर तळाशी अडकतं. धुवायचं. मग दुसरी अँटीबॉडी, जिच्या शेपटीला एन्झाइम बांधलेलं. मधे प्रथिन असेल तरच ती टिकते, नसेल तर पुढच्या धुण्यात वाहून जाते. परत धुवायचं. मग रंगाचं रसायन. जिथं एन्झाइम तिथं निळं. त्यावर आम्ल घातलं की निळ्याचं पिवळं होतं आणि मशीन ४५० नॅनोमीटरवर तो पिवळेपणा आकड्यात सांगतं. म्हणून तुमच्या दुसऱ्या रिपोर्टवर आकडा आहे.

सगळी मेख धुण्यात. माझ्या पहिल्या नोकरीत (कुठली ते नको) वॉशर बिघडला होता, मी हातानं धुवत होते. शेवटी बघते तर सगळ्यात खालच्या ओळीतले बाराच्या बारा खळगे पिवळेधमक. मला वाटलं साथच आली! सरांनी प्लेट बघितली आणि एवढंच विचारलं, "उलटी करून टिश्यूवर आपटली होतीस का शेवटी?" नव्हती आपटली. एन्झाइम मागं राहिलं होतं, विषाणू नव्हता. सगळी प्लेट परत लावली, रात्रीचे नऊ वाजले. माझं इथलं नाव तेव्हापासूनचं.

शिवाय दर वेळी प्लेटवर पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले नमुने, लावावे लागतात, त्यात खळगे जातात. दिवसाला चार सॅम्पल येणाऱ्या लॅबला हे परवडत नाही, म्हणून गल्लीत कार्ड. त्यात फसवणूक नाही, पण कार्डाच्या निगेटिव्हवर कुणी निर्धास्त होऊ नये.

बगळ्या, लॅबच्या फॉर्मवर तापाचा कितवा दिवस लिहिलाय का बघ.

रंकाळ्याचा_बगळा | ८:२६

रकाना आहे, रिकामा आहे. रविवार धरला तर बुधवारी चौथा दिवस.

डॉक्टर_म्हणू_नका | ८:४१

प्लेट_धुणारी यांनी योग्य तेच विचारलं. एनएस-१ हे विषाणूचं स्वतःचं प्रथिन, ते ताप सुरू झाल्या दिवसापासून रक्तात असतं आणि आठवड्याभरात ओसरत जातं. आयजीएम ही शरीरानं बनवलेली ताजी अँटीबॉडी, ती साधारण पाचव्या दिवसापासून सापडू लागते. म्हणून सरकारी कार्यक्रमात पहिले पाच दिवस एनएस-१ची एलायझा आणि त्यानंतर आयजीएमची मॅक-एलायझा असा नियम आहे. कार्डावर निदान पक्कं धरत नाहीत.

तुमच्या केसमध्ये गंमत त्या आयजीजीत, म्हणजे टिकून राहणाऱ्या जुन्या अँटीबॉडीत आहे. डेंग्यूचे प्रकार चार. एक होऊन गेला की त्याच्याविरुद्ध टिकाऊ संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांविरुद्ध नाही. अण्णांना पूर्वी कधीतरी डेंग्यू होऊन गेलेला असणार, कदाचित कळलंही नसेल. आता दुसऱ्या प्रकाराचा झाला की जुनी आयजीजी झपाट्यानं वाढते आणि एनएस-१ला घट्ट बिलगून बसते. मग चाचणीला धरायला प्रथिन मोकळं राहत नाही. कार्ड इथं पहिलं चुकतं, एलायझा थोडी तग धरते. आयजीएमही दुसऱ्या खेपेला कमी आणि उशिरा येते. तुमचे डॉक्टर "धरून चालू" म्हणाले ते यामुळंच. चांगला डॉक्टर आहे, बदलू नका.

आणि कृपा करून फक्त पेशींकडं बघत बसू नका. खरा धोका रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त घट्ट होण्याचा, आणि तो ताप उतरताना येतो. पोटात सतत दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त, गुंगी, लघवी कमी, यातलं काहीही दिसलं तर रात्री दोन वाजता असलात तरी निघा. वय ६८ आहे, मी तर आजच ॲडमिट करा म्हणेन. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको. पॅरासिटामॉल आणि पाणी.

रंकाळ्याचा_बगळा | ८:४४

निघालोच. धागा चालू ठेवा.

मंगळवारातली_सून | १०:१०

अण्णांना लवकर बरं वाटू दे. चाचणी खोटी बोलते म्हणजे काय हे मी भोगलंय म्हणून लिहिते.

पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा नेहमीच्या तपासण्यांत एचआयव्हीचं कार्ड "रिॲक्टिव्ह" आलं. एका खाजगी ठिकाणी, नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलीनं कागद घडी घालून दिला आणि माझ्याकडं न बघता "मॅडम, डॉक्टरांना भेटा" म्हणाली. शुक्रवार होता. शनिवार-रविवार आम्ही नवरा-बायको एका घरात राहून एकमेकांशी बोललो नाही. काय काय मनात आलं ते लिहिण्यासारखं नाही. सासूबाई विचारत होत्या, भांडलाय का?

सोमवारी सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशन केंद्रात गेलो. तिथल्या बाईंनी आधी बसवलं, पाणी दिलं, मग सांगितलं की पहिल्या कार्डावर कुणालाही पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. वेगवेगळ्या बनावटीच्या तीन चाचण्या पॉझिटिव्ह आल्या तरच म्हणतात. माझ्या निगेटिव्ह आल्या. गरोदरपणात असं कधीकधी होतं म्हणाल्या. पैसे एक रुपया नाही.

मुलगी आता चौथीत आहे. तो घडी घातलेला कागद मी अजून टाकलेला नाही, का ते माहीत नाही.

गणिताचे_मास्तर | १०:३२

सूनबाई, तुमच्या त्या तीन दिवसांची भरपाई गणितानं होणार नाही, पण कारण गणितातच आहे. समजा दहा हजार माणसं तपासली आणि खरे बाधित दहाच आहेत. चाचणी ९९ टक्के अचूक. दहाच्या दहा सापडले असं धरू. उरलेल्या ९,९९० निरोगी लोकांतले एक टक्का, म्हणजे शंभरएक जण फुकटचे पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ११०, खरे १०. म्हणजे ९९ टक्के अचूक चाचणीनं पॉझिटिव्ह ठरवलेल्या अकरा जणांतले दहा निरोगी! रोग दुर्मीळ असेल तर असंच होणार. म्हणून दुसरी, तिसरी चाचणी.

अण्णांचं उलटं आहे. पावसाळा, तडाखून ताप, पेशी घसरलेल्या. इथं निगेटिव्हवरच संशय घ्यायचा.

कडक_चहा | १०:३५

मास्तर, दहावीत हे असं शिकवलं असतं तर मी आज चहा विकत नसतो.

गणिताचे_मास्तर | १०:३६

असंच शिकवलं होतं. तू खिडकीतनं बाहेर बघत होतास.

पुणेरी_पाहुणा | ११:०२

एक तपशील. सरकारी केंद्रांत आयजीएमसाठी जे मॅक-एलायझा किट वापरतात ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत बनतं. १९५२ साली ही संस्था व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली. तेव्हा पुण्याचे आभार मानायला हरकत नाही.

हातकणंगलेकर | ११:०५

मानले. किट पुण्याचं, ताप कोल्हापूरचा. मटण कुणाचं तेवढं सांगा.

दोडामार्गकर | शुक्रवार, सकाळी ७:१५

मी मूळचा सिंधुदुर्गातल्या दोडामार्गचा, गेली वीस वर्षं कोल्हापुरात. पुण्याच्या त्या संस्थेचं नाव आमच्या गावात २०१६ साली प्रत्येकाच्या तोंडी होतं. काजूचा हंगाम, रानात माकडं मरून पडलेली, आणि माणसं तापानं फणफणलेली. डेंग्यूचं कार्ड निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, टायफॉइड "थोडासा पॉझिटिव्ह" (हे थोडासा पॉझिटिव्ह प्रकरण काय असतं देव जाणे). शेवटी नमुने पुण्याला गेले तेव्हा कळलं, माकडताप. शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडलेला. डास नाही, गोचीड चावून होतो. सुरुवातीच्या दिवसांत पीसीआर, नंतर आयजीएमची एलायझा.

माझा चुलता त्यात होता. त्याला सलग दोन वेळा ताप आला, मधे आठवडाभर बरा होता. पुण्याचा रिपोर्ट येईपर्यंत तो पुन्हा काजू गोळा करायला गेलासुद्धा.

सांगायचं एवढंच की प्लेटवर जे शोधायला अँटीबॉडी लावली आहे तेच सापडतं. चंदगड, आजऱ्याकडचा कुणी उन्हाळ्यात तापानं आजारी असेल आणि डेंग्यू निगेटिव्ह असेल, तर डॉक्टरला "रानात गेलो होतो" हे सांगा. ते कुठल्याच मशीनला कळत नाही.

उगाच_खरं_बोलतो | ७:४०

हे चांगलं लिहिलंत. पण मला एक सांगा, महाबळेश्वरच्या वटवाघळांत निपाह सापडला म्हणून २०२१ मध्ये केवढा गाजावाजा झाला. पुढं काय झालं? आम्ही तर सहल रद्द केली होती.

प्लेट_धुणारी | ७:५८

२०२० च्या मार्चमध्ये पुण्याच्या त्याच संस्थेतल्या लोकांनी तिथल्या गुहेतली वटवाघळं पकडून नमुने घेतले होते, त्यांत बऱ्याच जणांच्या रक्तात निपाहविरुद्धच्या आयजीजी मिळाल्या. आयजीजी म्हणजे पाहुणा कधीतरी येऊन गेल्याची खूण. ताटं मांडलेली दिसली म्हणून पाहुणा अजून बसलाय असं होत नाही. बातमीचा मथळा मात्र "निपाह सापडला" असाच होणार. कोरोनातली अँटीबॉडी कार्डं आठवा. एप्रिल २०२० मध्ये आयसीएमआरनं राज्यांना ती वापरणं थांबवा म्हणून सांगितलं, कारण निकालच जुळेनात.

सहल करा की आता.

डॉक्टर_म्हणू_नका | ९:३०

प्लेट_धुणारींच्या पिवळ्या खळग्यांवरून आठवलं. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो याच पिवळ्या रंगानं. १९८६, चेन्नई (तेव्हाचं मद्रास). डॉ. सुनीती सोलोमन यांनी निर्मला नावाच्या विद्यार्थिनीला वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचं रक्त तपासायचा विषय दिला. सगळे म्हणत होते, हा रोग आपल्याकडं कुठला. मुलीनं ऐंशीच्या वर नमुने गोळा केले, सोय नव्हती म्हणून सिरम घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं, आणि बर्फाच्या डब्यातून वेल्लोरला नेलं, कारण एलायझा तिथं होत होती. झाकण उघडलं तर सहा खळगे पिवळे. नंतर अमेरिकेत वेगळ्या पद्धतीनं, वेस्टर्न ब्लॉटनं, पक्कं केलं. तेव्हाही एका चाचणीवर थांबले नाहीत.

सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईतल्या मराठी घरातल्या. आपल्याकडं हे फार कमी लोकांना माहीत असतं.

मंगळवारातली_सून | ९:४४

भाजीच्या शेजारी ते सिरम! तिच्या आईला माहीत होतं का?

पुणेरी_पाहुणा | १०:०५

आणखी मागं, एलायझाच्या जन्मापर्यंत जायचं तर १९७१. स्टॉकहोममध्ये एवा एंगवाल आणि पेटर पेर्लमान, आणि त्याच सुमाराला हॉलंडमध्ये शूर्स आणि व्हान वीमेन, यांनी एकमेकांच्या नकळत एन्झाइम बांधायची युक्ती काढली. त्याआधी अँटीबॉडीच्या लढतीवर मोजमाप करायची रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांची पद्धत होती, पण तिच्यात किरणोत्सारी आयोडीन लागायचं. यालोबाईंना १९७७ चं नोबेल मिळालं. बर्सन पाच वर्षं आधी वारले होते, त्यांचं राहिलं. या दोघांचा एक लेख सुरुवातीला नियतकालिकानं परत पाठवला होता. बाईंनी ते नकाराचं पत्र जपून ठेवलं आणि नोबेलच्या व्याख्यानात दाखवलं.

कडक_चहा | १०:०९

बाई कोल्हापूरच्या असणार. एवढा राग इतकी वर्षं जपणं दुसऱ्या कुणाला जमत नाही.

रंकाळ्याचा_बगळा | शनिवार, सकाळी ६:५०

दवाखान्यातून लिहितोय, रात्रभर खुर्चीत होतो. गुरुवारी रात्रीच ॲडमिट केलं. काल सकाळी ताप एकदम उतरला. आम्ही खूश, आणि त्याच वेळी पेशी ४६ हजार. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून हातपाय गाळले नाहीत. सलाइन चालू, दर काही तासांनी रक्त किती घट्ट झालंय ते बघतात. पेशी चढवायला लागतील का विचारलं तर म्हणाले, रक्तस्राव नाही, दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय नाव काढू नका. मेव्हणा मात्र तीन रक्तपेढ्यांना फोन करून बसलाय.

आज पहाटे ५१ हजार. चढती आहे. अण्णांनी चहा मागितला, पातळ होता म्हणून परत पाठवला. म्हणजे बरे आहेत.

काकूंचा रस मेव्हण्यानं प्यायला. त्याच्या पेशी उत्तम असाव्यात.

हातकणंगलेकर | ७:०५

चहा परत पाठवला म्हंजे निम्मं काम झालं. घरात डास कुठनं आलं ते बघितलासा का?

रंकाळ्याचा_बगळा | ७:१२

गच्चीवरचं बॅरल तर झाकलेलं असतं. महापालिकेची बाई बॅटरी घेऊन आली आणि थेट फ्रिजच्या मागं वाकली. कॉम्प्रेसरवर पाण्याचा एक ट्रे असतो हे मला आयुष्यात माहीत नव्हतं. त्यात अळ्या, आकडेमोडीच्या स्वल्पविरामांसारख्या वळवळत होत्या. आई त्या फ्रिजची पूजा करते दसऱ्याला.

मंगळवारातली_सून | ७:२०

मी आत्ता उठून बघितलं. आमच्याही ट्रेमध्ये पाणी आहे. अळ्या नाहीत. ओतून टाकलं.

रंकाळ्याचा_बगळा | मंगळवार, रात्री ८:१५

शेवटचं अपडेट, आणि मूळ प्रश्नाचं उत्तरही.

रविवारी पेशी ७८ हजार, काल डिस्चार्ज. डॉक्टर म्हणाले, येताना सरकारी लॅबला आयजीएमसाठी रक्त देऊन जा, नोंद पक्की होईल. म्हणून सीपीआर हॉस्पिटलला गेलो. अण्णा, आई, मी. खिडकीतली मुलगी फॉर्म भरत होती. "ताप कधीपासून?" मी म्हटलं रविवारपासून. ती म्हणाली, "पेशंटला विचारते, तुम्हाला नाही." अण्णांनी एकदा आईकडं बघितलं, एकदा छताकडं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "शुक्रवार."

शुक्रवारी रात्रीच कणकण होती. पण रविवारी दुपारी पन्हाळ्याच्या वाटेवर मित्राच्या शेतात जेवण ठरलं होतं, तांबडा-पांढरा, सगळा जुना तालमीतला कंपू. ताप सांगितला असता तर आईनं दाराला कडी घातली असती. म्हणून गडी दोन दिवस गुपचूप गोळ्या खाऊन हिंडला आणि जेवून आल्यावर आजारी पडला.

म्हणजे बुधवारी कार्ड केलं तो चौथा दिवस नव्हता.

आज रिपोर्ट आला. आयजीएम पॉझिटिव्ह.

प्लेट_धुणारी | ८:२२

बुधवारी सहावा दिवस! आणि त्यात दुसऱ्या खेपेचा डेंग्यू. गल्लीतल्या त्या कार्डानं त्याच्या परीनं बरोबरच सांगितलं होतं की. एलायझाला सातव्या दिवशी सापडलं हेच नशीब. हातकणंगलेकर, निदान या कार्डाला घातलेल्या शिव्या परत घ्या.

हातकणंगलेकर | ८:२५

घेतल्या. अण्णांच्या नावावर वळत्या करा.

डॉक्टर_म्हणू_नका | ८:३१

आम्ही सगळ्यांनी मिळून चौथ्या दिवसावर एवढं पांडित्य केलं, आणि पेशंट रस्सा ओरपत होता. बगळा, आईंची प्रतिक्रिया?

रंकाळ्याचा_बगळा | ८:४०

खिडकीपाशी काही बोलली नाही. रिक्षातही नाही. घरी आल्यावर आज रिपोर्ट हातात घेतला, चष्मा लावला, आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह सोडून तो "तापाचा पहिला दिवस" एवढाच रकाना दोनदा वाचला. आत्ता स्वयंपाकघरातून दुधी भोपळ्याचा वास येतोय. अण्णा मला खुणेनं विचारतायत, किती दिवस चालेल हे.